एका जागेवर दोघी

"तिनंच सांगतलं असन. दुसरं कोन सांगते?"

डाळ मिलच्या शेडमध्ये तुरीच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, उंच थप्पी होती, तिच्या पलीकडून हा आवाज आला. मी अलीकडे उभी होते. हातात प्लास्टिकची फाईल आणि फाईलमध्ये माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टची प्रत मिळाल्याची पोच. तिच्यावरचा मिलचा निळा शिक्का अजून ओला होता, म्हणून मी फाईल छातीशी न धरता ताटासारखी आडवी धरली होती.

"मुकादम तिच्या गावचा," दुसरी म्हणाली. "त्याच्यासंगं चहा पेते. पोटात राह्यते का मंग काई?"

"म्या तं बोलनंच टाकलं."

"सारेच टाकून राह्यले."

थप्पीच्या कडेनं मी डोकावले. जेवणाची सुट्टी होती. बाया नेहमीसारख्या गोल करून बसल्या होत्या, मधे डबे उघडे. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती वयस्कर बाई मात्र त्या गोलात नव्हती. ती लांब, चाळणी मशीनच्या लोखंडी पायाला पाठ टेकून एकटी बसली होती. फार लांब नव्हती. तिला सगळं ऐकू जात होतं. भाकरीचा तुकडा मोडून तिनं तो हातातच धरला होता.

तिनं काहीही सांगितलं नव्हतं. ते मी केलं होतं. सांगितलंही नव्हतं म्हणा, टाइप केलं होतं, आणि त्याच्या तीन प्रती काळ्या पुठ्ठ्यात बांधून वर सोनेरी अक्षरं उमटवून घेतली होती.

फाईल तशीच आडवी धरून मी फाटकाबाहेर गेले आणि कारंज्याच्या ऑटोत बसले. बसल्यावर लक्षात आलं की मी जवळजवळ पळत आले होते.

मी वाशिमच्या एका कॉलेजात एमबीए करते. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात एखाद्या उद्योगात जाऊन प्रोजेक्ट करायचा असतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी तो कॅन्टीनमध्ये केला. चाळीस प्रश्नावल्या झेरॉक्स करायच्या, चार वेगळ्या रंगांची पेनं घ्यायची आणि वेगवेगळ्या अक्षरांत खुणा करत बसायचं. मी तसं केलं नाही, याचा मला गर्व होता. मी खरंच मिलमध्ये गेले. मॅनेजरसाहेब बाबांच्या गाडीनं येजा करायचे, म्हणून परवानगी मिळाली. बाबा एसटीत कंडक्टर आहेत.

पहिल्या दिवशी मी डाळ निवडणाऱ्या बायांसमोर प्रश्नावली घेऊन उभी राहिले आणि वाचून दाखवलं, "आपण आपल्या कार्यस्थळी समाधानी आहात का?" इंग्रजी प्रश्न नेटवरचे होते, मराठी मी केलेलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"काय इचारून राह्यली वं हे?"

"पुन्याची हाये वाट्टे."

"नाई वं, कंडक्टरची पोरगी हाये. आपल्या कारंज्याचीच."

"मंग अशी काहून बोलते?"

सगळ्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान गरम झाले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी बाबा वऱ्हाडीत बोलतात आणि मी त्यांना पुस्तकातल्या मराठीत उत्तर देते, आणि ते दोघांनाही कधी खटकलेलं नाही. बाहेर मात्र मी तोंड उघडलं की कोणीतरी विचारतंच, कुठली म्हणून.

तेव्हा त्याच वयस्कर बाईनं एक रिकामा कट्टा झटकला, चौघडी केली आणि तिच्या शेजारी जमिनीवर टाकला. "बस माय," ती म्हणाली. "उभ्यानं कायले इचारतं? बसून इचार."

मी बसले. आणि मग आठ दिवस बसलेच. विचारलं फारसं नाही. मला माणसांच्या तोंडाकडे पाहून बोलता येत नाही, म्हणून मी खाली पाहायचे, आणि खाली सगळे हात होते. तुरीच्या डाळीतून काळा दाणा, खडा, किडका दाणा बाजूला काढणारे हात. धुळीमुळे बायांनी तोंडाला ओढणी गुंडाळलेली असायची, चेहरे तसेही दिसत नसत. हातांवरूनच मी बाया ओळखायला लागले.

म्हणून ते माझ्याच लक्षात आलं. खिडकीजवळच्या जागेवर सोमवारी जे हात होते त्यांच्यावर हिरवं गोंदण होतं. मंगळवारी त्याच जागेवर, त्याच जांभळ्या ओढणीवालीच्या हातांवर गोंदण नव्हतं आणि उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. बुधवारी पुन्हा गोंदण. मुकादम हजेरी घेताना रोज एकच नाव पुकारायचा आणि त्या जागेवरून रोज "हाओ" यायचं.

मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलंय. शेडमधल्या प्रत्येकीला ते दोन वर्षांपासून माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

चौथ्या दिवशी करंगळीवाली मला जेवायला बोलवायला आली. मी बिस्किटाचा पुडा घेऊन एका कोपऱ्यात बसायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. तिनं माझ्या हातावर ज्वारीची अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेसा ठेवला. माझे डोळे तिच्या करंगळीवर होते, ते तिनं पाहिलं.

"कडबा कापाच्या मशीनीत गेलं," ती म्हणाली. मग हसली. "तुमाले समजलं ना मॅडम? म्या नाई येत रोज."

मी मान हलवली.

"नाव माह्या जावेचं हाये. सासरा खाटेवर पडेल हाये दोन सालापासून. त्याले उठवनं, बसवनं, सारं करा लागते. एक जन घरी पाह्यजेच. मंग आज मी, उद्या थे. काम तं होते ना बरोबर? एका दाण्याची खोट नाई." ती माझ्याजवळ सरकली. "हापिसात नाई माहीत. तुमी बोलसान नाई ना कोनापाशी?"

मी पुन्हा मान हलवली. या वेळी आडवी. तोंडानं मी 'नाही' म्हटलं नाही, हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं आहे. जणू न उच्चारलेला शब्द मोडला तर चालतो.

शेजारची वयस्कर बाई म्हणाली, "तिले काय सांगून राह्यली? पोरगी मुकीच हाये. दगडापाशी सांगतल्यासारखं हाये." आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

रिपोर्टचा कच्चा मसुदा मी गाईड सरांना दाखवला तेव्हा त्यांनी पानं भराभरा उलटली. कामगार समाधानी, पंखे वाढवावेत, पिण्याच्या पाण्याची सोय सुधारावी. "हे सगळेच लिहितात," सर म्हणाले. "तुझं स्वतःचं फाइंडिंग काय आहे? आठ दिवस तिथं बसून काय पाहिलंस?"

काय पाहिलं ते मला ठाऊक होतं. पुस्तकात त्याला नाव होतं, बडी पंचिंग, म्हणजे एकाच्या नावावर दुसऱ्यानं हजेरी लावणं. ते धडा सातमध्ये, कंपनीच्या वेळेच्या चोरीचे प्रकार या मथळ्याखाली यायचं. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. पुस्तकातली एखादी गोष्ट आपल्या गावाजवळ, आपल्या डोळ्यांसमोर घडते, याचा आनंद मला झाला होता, आणि तो मी लपवणार नाही. मी वसतिगृहात बसून एका दमात पाऊण पान लिहिलं. माझं इंग्रजी तिथं अडलं नाही. जे मला मराठीत बायांसमोर कधी बोलता आलं नसतं ते मी इंग्रजीत अगदी मुद्देसूद लिहिलं. शेवटी सूचनांच्या यादीत तिसरी सूचना घातली, चेहरा ओळखणाऱ्या हजेरी यंत्राची.

मी नाव लिहिलं नाही. 'निवड विभागातील एक प्रकरण', एवढंच. नाव न लिहिल्याबद्दल मला समाधानसुद्धा वाटलं होतं. आमच्या कोर्समध्ये गोपनीयतेवर एक पूर्ण तास झाला होता. निवड विभागात बाया सगळ्या मिळून बावीस, आणि त्यांच्यात एका जागेवर दोघी अशी जोडी एकच, हा हिशोब मी केला नाही.

मॅनेजरसाहेबांनी प्रमाणपत्र देण्याआधी रिपोर्ट पाहायला मागितला. सगळ्याच कंपन्या मागतात. मी मसुदा दिला, प्रमाणपत्र घेतलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कंटाळलेले होते. माझ्या त्या पाऊण पानावर येऊन थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी हो म्हणाले आणि पाच मिनिटं न अडखळता बोलले. वर्गात मी कधीच बोलत नाही, म्हणून दाराजवळच्या मुली आत डोकावून पाहत होत्या. गाईड सरांनी बाहेर आल्यावर पाठीवर थाप दिली. बाबांनी रिपोर्टची माझी प्रत डेपोत नेऊन दाखवली.

मग कंपनीची बांधलेली प्रत पोचवायला मी मिलमध्ये गेले, तो हा दिवस. शेडच्या दारावर नवं यंत्र होतं, ताटलीएवढ्या काचेचं. आत जाणारी एक बाई त्याच्यासमोर ओढणी खाली करून उभी होती आणि मागची तिला म्हणत होती, "दाखव वं तोंड नीट. नव्या नवरीवानी लाजतं काय?" मॅनेजरसाहेबांनी मला चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या रिपोर्टनं डोळे उघडले आमचे. बाकी पोरं येतात, कागद काळे करून जातात." खिडकीजवळच्या जागेवर एक नवीन मुलगी बसली होती. जिचं नाव होतं तिचा चेहरा यंत्रात घेतला होता, पण ती एक दिवसाआडच येऊ शकत होती. दोन आठवड्यांत तिचे इतके खाडे झाले की नावच कमी केलं. हे मला मॅनेजरसाहेबांनीच सांगितलं, चांगली बातमी सांगावी तसं.

तिथून निघताना मी थप्पीजवळ ते बोलणं ऐकलं आणि पळाले.

घरी मी कोणाला काही सांगणार नव्हते. पण रात्रीच्या जेवणाला बाबा समोर होते आणि त्यांनी सहज विचारलं, "देऊन आली का पुस्तक?" रिपोर्टला ते पुस्तकच म्हणतात. मी हो म्हणाले. मग, का कोण जाणे, विचारलं, "बाबा, धनजहून मिलमध्ये येणाऱ्या दोघी जावा तुमच्या गाडीला असायच्या का?"

"एक दिवसाआड एक. त्या दोघी ना?" बाबांना प्रवासी लक्षात राहतात. "मोठीच्या हातावर गोंदन हाये. अर्धं तिकीट फाडत होतो रोज. दिसल्या नाईत आता बरेच दिवस. काहून?"

मी सांगितलं. सगळं नाही. रिपोर्टमध्ये एक गोष्ट लिहिली होती, तिच्यामुळे यंत्र बसलं, त्यांची जागा गेली, आणि बाया भलत्याच बाईवर आळ घेतायत, इतकं. सांगताना मी ताटातल्या वरणाकडे पाहत होते. ते तुरीचंच होतं.

बाबांनी मला रागवावं असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत.

"आमीबी ड्युटी बदलतोच ना," ते म्हणाले. "तुह्या दहावीच्या निकालाच्या दिवशी माही ड्युटी कोनं केली होती? आमचा अर्ज असते, साहेब सही करते, झालं. त्या बायाईनं अर्ज कोनाले द्याचा होता?"

आई म्हणाली, "जाऊ द्या आता. पोरीनं काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाई केलं," बाबा म्हणाले. "मी कुठं म्हंतो." आणि ताट घेऊन उठले. रिपोर्टची माझी प्रत टीव्हीजवळ, येणाऱ्याला दिसेल अशी उभी ठेवलेली असायची. दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती. कपाटात सापडली, पासबुकांच्या खाली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही.

ड्युटी बदलण्याचा तो फॉर्म मी लहानपणापासून घरात पाहत आले होते. बाबांच्या बॅगेत त्याचा कोरा गठ्ठा असतो. तो मला रिपोर्ट लिहिताना आठवला नाही. धडा सात आठवला.

शनिवारी मी पुन्हा मिलमध्ये गेले. आधी ऑफिसात. ऑटोत बसून वाक्य पाठ केलं होतं. मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "सर, एका जागेवर दोन नावं लावता येणार नाहीत का? दोघींचे चेहरे यंत्रात घेतले तर दोघींपैकी जी येईल तिची हजेरी लागेल. काम तर पूर्णच होत होतं."

ते हसले. मोकळं हसले, मला ते आवडतातसुद्धा. टेबलावरची काळी प्रत उचलून त्यांनी पान काढलं. खूण म्हणून त्यात एसटीचं तिकीट घातलेलं होतं.

"तुमीच तं लिहिलं मॅडम. सूचना नंबर तीन. आता तुमीच म्हंता उलटं करा? मालकाले काय सांगू, मॅडमचा विचार बदलला?"

"ते चुकलं होतं," मी म्हणाले. पण इतक्या हळू की त्यांनी "काय?" विचारलं, आणि मी "काही नाही" म्हणाले.

ते म्हणाले, ठीक आहे, एक अर्ज देऊन ठेवा, पाहू. मी तिथंच बसून अर्ज लिहिला. मराठीत. चार ओळींना अर्धा तास लागला. त्यांनी तो घडी करून रिपोर्टमध्येच ठेवला, तिकिटाच्या पानाशी. त्याचं पुढे काय झालं हे मला आजही माहीत नाही.

मग मी शेडमध्ये गेले. यंत्रासमोरून जाताना त्यात माझा चेहरा दिसला, आणि खाली लाल अक्षरात आलं की ओळख पटली नाही.

जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. चाळणी बंद असली की शेडमध्ये एकदम शांत होतं. बाया गोल करून बसत होत्या. ती वयस्कर बाई आजही लोखंडी पायाशी एकटी होती. मला पाहून गोलातल्या एकीनं हाक मारली, "या मॅडम! बम दिवसानं आल्या. झालं का पास?"

"झाले," मी म्हणाले.

"मंग पेढे?"

"पेढे कुठचे, बिस्किटाचा पुडा आनला असन," दुसरी म्हणाली, आणि हसू पसरलं. त्यांनी सरकून मला जागा केली. दोन बायांमध्ये एक माणूस बसेल एवढी फट.

मी तिथं बसले नाही. चालत चाळणीपर्यंत गेले. त्या बाईनं वर पाहिलं. तिनं डबा बाजूला केला, शेजारी पडलेला रिकामा कट्टा ओढला, झटकला, आणि त्याची चौघडी करायला लागली. माझ्यासाठी. "बस माय," ती म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तिच्यापाशी नका बसू. तिच्या पोटात काई राह्यत नाई. तुमचंबी सांगन हापिसात."

घडी करणारे तिचे हात थांबले. मी त्या हातांकडे पाहिलं. नखांत डाळीचं पीठ होतं. मग मी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग गोलाकडे. एकवीस चेहरे, ओढण्या खाली केलेले. इतके दिवस तिथं बसूनही यांतले निम्मे मी पहिल्यांदा पाहत होते. एकदा हळूच बोलले. कोणीतरी म्हणालं, "काय म्हंता?"

मग मी मोठ्यानं म्हणाले, "यांनी कोणाला काही सांगितलं नाही. ते मी लिहिलं. पुस्तकात त्याला चोरी म्हणतात, म्हणून मीही चोरीच लिहिलं. खिडकीजवळ बसायची तिनं मला भाकर दिली होती, सगळं सांगितलं होतं. ती चोरी नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."